ओझर : विमान कारखान्याचा विस्तार आणि रोजगार

नाशिकजवळील ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना १९६४ साली मिग-२१ विमानांच्या उत्पादनासाठी स्थापन झाला. यावरूनच हा परिसर ‘ओझर मिग’ म्हणून ओळखला जातो. पुढे येथे मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय विमानांची बांधणी झाली.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते येथे तेजस मार्क-१ए या स्वदेशी लढाऊ विमानाच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. पहिल्या दोन साखळ्या बंगळुरूमध्ये आहेत. ओझरची वार्षिक क्षमता ८ विमानांची आहे. या विस्तारातून १,००० हून अधिक रोजगार निर्माण झाल्याचे आणि ४० हून अधिक उद्योग या कामाशी जोडले गेल्याचे सांगण्यात आले.

मात्र, लढाऊ विमानांचा ग्राहक मुख्यत्वे सरकारच असल्याने मागणी संपली की कामही आटते. त्या दृष्टीने सप्टेंबर २०२५ मधील ९७ तेजस विमानांचा, ६२,३७० कोटी रुपयांहून अधिक किमतीचा करार दिलासादायक ठरतो. तथापि, तेजसचे इंजिन अमेरिकेहून येते. त्याच्या पुरवठ्यास विलंब झाल्याने विमाने हवाई दलाकडे सोपविण्याचे वेळापत्रक यापूर्वी लांबले आहे. त्यामुळे नव्या रोजगाराचे स्थैर्य कारखान्याच्या क्षमतेइतकेच या पुरवठ्यावरही अवलंबून राहील.