पेंढा, कारवी आणि शेण

आमच्या जासईतलं जुनं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर भाताचं तूस कालवलेली माती लिंपायची, वर शेणाचा हात. ही भिंत उन्हाळ्यात तापत नसे, पण पावसापुढं तिचा टिकाव लागत नसे. म्हणून जोतं उंच, आणि पडवीवरचं कौलारू छप्पर इतकं खाली ओढलेलं, की वाकूनच आत शिरावं लागे. मृगाआधी पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधायचे. आडवा पाऊस त्यांनी अडायचा. आजी सांगायची, "पानी भितीला लागला का घर गेला समज."

हे सगळं शेतावर चाले. १९७० मध्ये नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनींवर संपादन आलं. आमच्याच गावचे दि. बा. पाटील शेतकऱ्यांचे पुढारी. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारांत पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं.

भूखंडावर भात पिकत नाही. भात गेलं तसं तूस गेलं, गुरं गेली, शेण गेलं. मग कुडाची भिंत लिंपायची कशानं? आम्हीही स्लॅब टाकला. आता तो गळू नये म्हणून वर पत्र्याची उतरती शेड मारतो.