सांत लूप-अवकाश

संहत ली गटाचे विकलन-रूप बाजूला ठेवले आणि केवळ होमोटॉपी उरू दिली, म्हणजे जे हाती लागते त्याचा अभ्यास या विषयात होतो. प्रत्येक ली गटाला एक वर्गीकारक अवकाश असतो. त्यातील एका बिंदूपासून निघून तिथेच परतणारे सगळे मार्ग, म्हणजे लूप, एकत्र घेतले की मूळ गट होमोटॉपीपुरता परत मिळतो. ज्या अवकाशाच्या लूपांतून असाच सांत संकुलाइतका आटोपशीर अवकाश निघतो, तिथे सांत लूप-अवकाश आहे असे म्हणतात. गट मात्र असेलच असे नाही.

वर्गीकारक अवकाशांवरचे एक पायाभूत काम मुंबईचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. नरसिंहन आणि एस. रामनन यांनी १९६१ साली सार्वत्रिक कनेक्शनचे अस्तित्व सिद्ध केले : बंडलच नव्हे, तर त्यावरचे कनेक्शनही एकाच नमुन्यावरून खेचून आणता येते.   या भूमितीला विकलन लागते. सांत लूप-अवकाशांकडे तेच नसते, आणि म्हणूनच तोतये शिरतात.

किती शिरतात, हे डेव्हिड रेक्टर यांनी १९७१ मध्ये दाखवले. त्रिमितीय गोलावर लूप-रचना अगणनीय आहेत. प्रत्येक मूळ संख्येला अधिक किंवा उणे चिन्ह द्यायचे. निवड कशीही करा, तिला एक रचना मिळतेच. सर्व चिन्हे अधिक असतील तेव्हाच अस्सल गट आणि तेव्हाच महत्तम टोरस, म्हणजे आत बसणारा वर्तुळांचा सर्वात मोठा गुणाकार.

म्हणून ड्वायर आणि विल्कर्सन यांनी १९९४ मध्ये एकेका मूळ संख्येपुरते पाहायचे ठरवून पी-संहत गटांची व्याख्या केली. टोरस आणि त्याच्या सममितींचा वाइल गट दोन्ही परत आले. एवढ्यावरून सगळे अवकाश ली गटांच्या जवळपासच असतील असे वाटले, तर ते खोटे ठरते : २००४ साली कोटी (रँक) ६६ असलेला, १२५४ मितींचा असा सांत लूप-अवकाश रचला गेला, ज्याची परिमेय कोहोमॉलॉजीसुद्धा कोणत्याच संहत ली गटाशी जुळत नाही. त्याहून लहान कोटीत असे उदाहरण नाही, याची पडताळणी संगणकाने झाली.

मूळ संख्या २ साठी मात्र परके एकच निघाले : ड्वायर-विल्कर्सन यांचा ४५ मितींचा, ३३६ घटकांच्या वाइल गटाचा डीआय(४). आंडरसन आणि ग्रोडाल यांच्या २००९ च्या वर्गीकरणानुसार प्रत्येक संलग्न २-संहत गट म्हणजे एखाद्या संहत ली गटाचे २-पूर्णन आणि डीआय(४) च्या काही प्रती यांचा गुणाकार.