अर्कहार्टचा अंत : औचित्याचा प्रश्न

दूरचित्रवाणीवरील खलवृत्तीच्या नायकांची चर्चा अमेरिकन मालिकांपासून आरंभ करण्याची रूढी पडली आहे. वस्तुतः अशा नायकाचा अंत कसा व्हावा, हा प्रश्न बी. बी. सी.च्या ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ने त्यापूर्वीच उपस्थित केला होता. हुजूर पक्षाचा मुख्य प्रतोद फ्रान्सिस अर्कहार्ट कारस्थाने व खून यांच्या बळावर पंतप्रधान होतो, ही तिची कथा. तिचा पहिला भाग १८ नोव्हेंबर १९९० रोजी प्रक्षेपित झाला. चारच दिवसांनी मार्गारेट थॅचर यांनी राजीनामा घोषित केला.

मायकेल डॉब्ज यांच्या मूळ कादंबरीत (१९८९) नायक अखेरीस आत्मघात करतो. रूपांतरकार अँड्र्यू डेव्हिस यांनी हा शेवट उलटविला : अर्कहार्ट पत्रकार मॅटी स्टोरिनलाच पार्लमेंटच्या गच्चीवरून ढकलून देतो. पुढील दोन मालिका (१९९३ व १९९५) या बदलामुळेच संभवल्या. सारांश, आपल्यापुढील अंत हा पाच वर्षे लांबविलेला अंत होय.

१९९५च्या मालिकेत थॅचर यांच्या पुतळ्याच्या अनावरणप्रसंगी अर्कहार्टला गोळी घातली जाते. कट त्याच्या पत्नीचाच. जुनी पातके उघडकीस येण्यापूर्वी त्याने मरावे, हा हेतू. पहिल्या मालिकेच्या आरंभी त्याने थॅचर यांची तसबीर पालथी घातली होती, हे स्मरल्यास रचनेचे वर्तुळ पूर्ण होते, यात शंका नाही.

तथापि प्रस्तुत लेखकाचे समाधान होत नाही. आणि कारण व्याकरणाचे आहे. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच. मराठीत मात्र श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांशी सलगीने बोलणाऱ्या अर्कहार्टच्या तोंडी मराठी अनुवादकाला ‘आपण’च घालावे लागेल. नट इयन रिचर्डसन यांनी या भूमिकेसाठी शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डचा आदर्श घेतला होता. रिचर्डची ही सलगी मुकुट मिळाल्यावर ओसरते, आणि बॉस्वर्थच्या लढाईपूर्वी तो स्वतःशीच वाद घालतो. प्रेक्षकाला तेथे आपले भागीदारपण जाणवते. अर्कहार्टला सायप्रसमधील जुन्या हत्या छळतात खऱ्या. परंतु निवाडा गोळी करते, तोही त्याच्या नकळत. त्याचे नाव वाचते, आणि ‘आपण’मधील दुसरा पक्ष, म्हणजे प्रेक्षक, विनाचौकशी सुटतो. पाच वर्षांच्या सहवासाला हा अंत फार स्वस्त पडला.

या अखेरच्या मालिकेच्या श्रेयनामावलीतून डॉब्ज यांनी आपले नाव काढून घेतले, हे प्रसिद्धच आहे. मात्र त्यांचा आक्षेप थॅचर यांच्या काल्पनिक अंत्यविधीच्या दृश्यावर होता. अर्कहार्टच्या मृत्यूवर नव्हे.