सांभाळणाऱ्यांची नोंद

पेडणे आणि डिचोली महालांतील आपल्यापैकी बहुतेक घराण्यांत एखादा कुलवृत्तांत, निदान एखादी जीर्ण वंशावळ तरी, पेटीत जपून ठेवलेली असते. मूळपुरुष कोकणातून वा देशावरून केव्हा उतरला, सावंतवाडीकरांकडून कोणते वतन मिळाले, कोणत्या देवस्थानाचे महाजनपद घराण्याकडे आले, हे सारे त्यात तपशिलाने सापडते. अर्धांगवायूने खिळलेल्या आजोबांची उठबस नऊ वर्षे कोणी केली, हे मात्र कोणत्याही वंशावळीत लिहिलेले आम्हांस आढळले नाही. ते काम घरच्या सुनेचे, विधवा आत्याचे, अविवाहित बहिणीचे. आणि ज्याचे मोल द्यावे लागत नाही, त्याची नोंदही कोणी ठेवत नाही.

सरकारी दप्तराची तऱ्हा काही निराळी नव्हती. पोर्तुगीज अमलात परोपकाराच्या संस्था नव्हत्या असे नाही. सोळाव्या शतकातच गोव्यात सांता काझा द मिझेरिकोर्दिया उभी राहिली होती. सतराव्या शतकाच्या आरंभी अनाथ मुली व निराधार स्त्रिया यांच्यासाठी आश्रयगृहे निघाली. पुढे १९४७ साली ‘प्रोव्हेदोरिया’ हे सार्वजनिक साहाय्याचे खाते स्थापन झाले आणि त्याचे वृद्धाश्रम आजही चालू आहेत. परंतु या सर्वांच्या मुळाशी एकच कल्पना होती : ज्याला घर नाही, त्याला आसरा. नव्या काबिजादीत आलेल्या आपल्या महालांत (पेडणे १७८८ साली आले, डिचोली त्याआधी काही वर्षे) घर नसलेला म्हातारा क्वचितच दिसे. एकत्र कुटुंब हेच इस्पितळ आणि माजघराची खोली हाच वॉर्ड. ज्याला घर आहे त्याच्या घरातील सेवेकऱ्याला काय हवे, हा प्रश्न कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

मुक्तीनंतर आरोग्यकेंद्रे आली, रस्ते आले. २००१ साली दयानंद सामाजिक सुरक्षा योजना जाहीर झाली आणि वृद्ध, एकट्या स्त्रिया व विकलांग यांना महिना ५०० रुपये मिळू लागले. ही रक्कम पुढे २,००० पर्यंत वाढली. २०१२ मध्ये गृहिणींसाठी ‘गृह आधार’ आली, ती महागाईचा भार हलका व्हावा म्हणून. नोकरीत असताना अशा अर्जांचे गठ्ठे आमच्या हाताखालून गेले. अर्जात वय होते, उत्पन्न होते, वास्तव्याचा दाखला होता. ‘अर्जदारास कोण सांभाळते?’ हा रकाना नव्हता. तो असावा असे आम्हांलाही तेव्हा कधी सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

सुचायला हवे होते, कारण तो रकाना आमच्याच घरी पेडणे तालुक्यात भरलेला होता. २००४ च्या सुमारास आईला विस्मरण होऊ लागले. आधी किल्ल्या, मग नावे, मग दिवस की रात्र याचे भान. धाकटी बहीण अविवाहित, ती आईजवळ राहिली. आम्ही दोघे भाऊ नोकरीच्या गावी. चवथीला आणि शिगम्याला जात असू, फळे नेत असू. “वय झालं, दुसरं काय,” असे आम्ही म्हणत असू. बहीण एकदाच म्हणाली होती, “दादा, आई रात्री तीनदा दार उघडून बाहेर जाते. मी दाराला खाट लावून झोपते.” त्यावर आम्ही दाराला वरची कडी बसवून दिली आणि आपले कर्तव्य पार पडले असे मानले.

पुढे कळले की असे बोलणारे आम्ही एकटे नव्हतो. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेशी संबंधित डॉ. विक्रम पटेल आणि लंडनचे डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातील वार्धक्याविषयीचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंशाला लोक आजार मानत नाहीत, वार्धक्यच मानतात. म्हणून हे रुग्ण डॉक्टरांपर्यंत क्वचित पोहोचतात. उलट गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना अशी माणसे नेमकी ठाऊक असतात, असे त्यात आढळले. आणखी एक गोष्ट त्यात होती आणि ती आपल्यासारख्या घराण्यांना झोंबणारी आहे. मुलांकडून होणारा सांभाळ पुष्कळदा मालमत्ता मिळण्याच्या अपेक्षेवर अवलंबून असतो, असे त्यांनी लिहिले. वाचून प्रथम राग आला. मग आपल्याच नात्यातली चार घरे आठवली.

मालमत्तेचा विषय निघालाच आहे तर थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला. त्यानुसार मुलांचा निम्मा वाटा राखीव, त्याला हात लावता येत नाही. उरलेला निम्मा माणूस मृत्युपत्राने हव्या त्याला देऊ शकतो. २०१२ च्या गोवा वारसा कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले. मुलगी आणि मुलगा समान, हे या कायद्याचे भूषण खरेच. पण समानता अशी की दाराला खाट लावून झोपणारी आणि चवथीला फळे आणणारा, दोघांचा हिस्सा सारखाच. फरक करायचा तर त्या मोकळ्या निम्म्यातून, आणि तोही बुद्धी शाबूत असताना. आम्हांला हे सुचले तेव्हा आईला नोटरीसमोर नेले. त्यांनी तिला नाव विचारले. तिने माहेरचे नाव सांगितले आणि वडील बाहेर थांबले आहेत काय, अशी चौकशी केली. नोटरीने वही मिटली. त्यांचे काहीच चुकले नाही. उशीर आम्ही केला होता.

ज्या वर्षी आई अंथरुणाला खिळली त्याच २००८ साली गोव्यातल्याच एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबे निवडली होती. त्यांतील ४१ घरी स्थानिक भाषा जाणणाऱ्या साध्या कार्यकर्त्या नियमाने सहा महिने जात. औषधापेक्षा त्यांचे काम घरच्या माणसाशी बोलण्याचे : हा आजार आहे, हट्ट नव्हे; रात्री उठणाऱ्याला कसे आवरावे; कोणती सरकारी योजना लागू पडते; लागल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे कसे न्यावे. परिणाम असा की सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीय सुधारले. कामाचा बोजा मात्र म्हणण्यासारखा कमी झाला नाही. हे आम्हांला अगदी खरे वाटते. अंथरुणे तेवढीच धुवावी लागतात. ती धुताना आपण एकटे नाही, एवढेच कळते. आमच्या बहिणीकडे असे कोणी आले नाही. आम्ही शोधलेही नाही.

कायद्याला या माणसाची ओळख पटण्यास आणखी आठ वर्षे लागली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘मोबदला घेऊन वा न घेता’ सांभाळ करणाऱ्याची, आईवडील व इतर कुटुंबीय धरून, व्याख्या आली, आणि मोठ्या आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही झाली. मात्र ती सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. (‘काळजीवाहू’ हा शब्द आम्हां सचिवालयातल्या लोकांच्या मनात मुदत संपलेल्या मंत्रिमंडळालाच जोडलेला, घरातल्या बाईला तो बसायला वेळ लागेल.) मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी वा बहुविकलांगता असलेल्या अपत्याच्या पालकांनी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ विमा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून मिळणारे पालकत्व यांची चौकशी जरूर करावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने पोटगी मिळते आणि सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता परतही घेता येते. पण तो सांभाळ न करणाऱ्यासाठी आहे, करून थकलेल्यासाठी नव्हे. असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठी शांती अवेदना सदन १९८६ मध्ये मुंबईत निघाले, पुढे लोटलीत. पेडण्याच्या टोकाहून लोटली किती दूर, हे वाचकांस सांगायला नको.

आई २०१४ साली गेली. वाटणीत राहते घर बहिणीकडे ठेवावे, असे आम्ही दोघा भावांनी ठरवले; त्यात औदार्य काही नव्हते. आम्ही आपले मृत्युपत्र मात्र शुद्धीवर असताना केले आहे. बहीण आता साठीपुढे गेली. गुडघे धरतात, विहिरीवर जाणे होत नाही. तिच्याजवळ कोणी राहायचे, याविषयी गेल्या चवथीला पुतण्या-भाच्यांत बोलणी झाली. ती अजून पुरी झालेली नाहीत.