आठ आणे म्हणजे किती टक्के? मिठाचा कर आणि कोतळूकचे गोखले

१/ १८८८ साली सरकारने मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला. १९०३ साली तेच आठ आणे पुन्हा कमी केले. वाढ किती टक्के आणि घट किती टक्के? दोन्हींचे उत्तर सारखेच वाटत असेल, तर क्षणभर थांबावे.

२/ रुपयाचे १६ आणे. चढताना पाया ३२ आण्यांचा. त्यावर ८, म्हणजे २५ टक्के. उतरताना पाया ४० चा. त्यातून ८ गेले, म्हणजे २० टक्के. आणे तेवढेच, टक्का मात्र पायाप्रमाणे बदलतो.

३/ या कराविरुद्ध आकड्यांनिशी लढणारे गोपाळ कृष्ण गोखले मूळचे गणिताचे शिक्षक. १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून दीर्घकाळ चालले. (इतिहासाची आवड आणि गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!) २६ मार्च १९०२ च्या अर्थसंकल्पीय भाषणात त्यांनी विचारले ते थोडक्यात असे : तिजोरीत दरवर्षी शिल्लक उरते, मग तंगीच्या काळात वाढवलेले कर अजून का?

४/ पुढे १९०३, १९०५ आणि १९०७ साली कर प्रत्येकी आठ आण्यांनी उतरला : ४०, ३२, २४, १६. टक्केवारी अनुक्रमे २०, २५ आणि ३३⅓. यांची बेरीज ७८ च्या वर जाते. प्रत्यक्षात ४० चे १६ झाले, म्हणजे घट ६० टक्के. दर वेळी पाया निराळा असल्याने अशी बेरीज करताच येत नाही.

५/ हा कर वजनावर होता, मिळकतीवर नव्हे. सावकाराला आणि उन्हात राबणाऱ्या मजुराला मीठ जवळजवळ सारखेच लागते. मजुराची मिळकत मात्र तुटपुंजी. १८७७ च्या अखेरीस, दख्खन दुष्काळाने होरपळत असताना, मुंबई इलाख्यात हा कर २९ आण्यांवरून ४० वर गेला. वाढ सुमारे ३८ टक्के.

६/ गोखले १९१५ साली गेले. पुढच्याच वर्षी कर १६ वरून २० आणे झाला. १९२३ साली तो थेट ४० : १०० टक्के वाढ. मध्यवर्ती विधिमंडळाने नकार दिला, तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी विशेषाधिकार वापरून ती लादली. १९२४ साली कर पुन्हा २० आणे. ‘निम्म्याने कपात’ म्हणायला छान. प्रजा मात्र १९२२ सालीच्याच जागी परतली होती.

७/ मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तेव्हाही मणामागे २० आणेच कर होता. शिरोडे आज सिंधुदुर्गात आहे. त्या वेळी ते गोखल्यांच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते.