सव्वातीन तास

(सर्व वेळा भारतीय)

२२ जून २०१७. युक्रेनमधल्या कंपन्या कराचे हिशेब ज्यात करतात, त्या ‘एम.ई.डॉक’ सॉफ्टवेअरचं नवं अपडेट सुटतं. त्यात चोरदरवाजा आहे. एप्रिल आणि मेमधल्या अपडेटमध्येही होता. कुणाच्या नजरेस पडला नाही, कारण मधे नजर टाकणारं कुणी नव्हतंच. बनवणाऱ्याच्या सर्व्हरवरून निघालेली फाइल थेट गिऱ्हाइकाच्या मशीनवर.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेटमधला माल पाहिल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. डेबियनसारख्या लिनक्स वितरणात हे काम पॅकेज सांभाळणारे स्वयंसेवक करतात. मूळ सोर्स घेऊन पॅकेज तिथेच बांधलं जातं, त्यावर डिजिटल सही होते, आणि स्थिर आवृत्तीत जाण्याआधी ते बराच काळ चाचणीत मुरतं. फसगत तिथेही होते. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या फाइली आवळणाऱ्या साधनातला चोरदरवाजा डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोचलाच होता. स्थिर शाखेत शिरायच्या आत मात्र पकडला गेला.

२७ जून, दुपारी २:२९. चोरलेला पासवर्ड वापरून कुणीतरी एम.ई.डॉकच्या अपडेट सर्व्हरवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होतं.

२:४२ ते २:४५. वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये बदल. अपडेट मागायला येणारी मशीन आता परस्पर एका परक्या सर्व्हरकडे वळतात. तीन मिनिटांचं काम.

४ च्या सुमारास. युक्रेनभर मशीन कोसळू लागतात. कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो आणि काळ्या पडद्यावर सूचना येते : डिस्कची तपासणी चालू आहे, बंद करू नका. तपासणी कसली! तेवढ्या वेळात डिस्कवरच्या फाइलींची सूचीच कुलूपबंद होत असते. मग ३०० डॉलरच्या बिटकॉइनची मागणी. पैसे भरले तरी कुलूप उघडणार नव्हतं, कारण किल्ली कुणाकडेच नव्हती. या प्रकाराला पुढे ‘नॉटपेट्या’ नाव पडलं.

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसातल्या कार्यालयात एम.ई.डॉक एका मशीनवर होतं. तेवढं पुरलं. पुढचा प्रसार विंडोजमधल्या एका भगदाडातून झाला. ते मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बुजवलं होतं, पण अनेकांनी तो पॅच लावलाच नव्हता. म्हणजे इथे उशीर करणारेही बुडाले. ‘नवं अपडेट आलं, थोडं थांबू’ म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं. शिवाय नॉटपेट्या हा किडा मेमरीतून पासवर्ड उचलत होता, त्यामुळे पॅच लावलेली मशीनही सुटली नाहीत.

६:०१. परक्या सर्व्हरकडे गेलेली शेवटची जोडणी. दोन मिनिटांत कॉन्फिगरेशन फाइल पूर्ववत. सारा खेळ सव्वातीन तासांचा. डेबियनच्या चाचणीत बराच काळ मुरणाऱ्या पॅकेजला एवढ्या वेळात स्थिर आवृत्ती वापरणाऱ्या कुणाच्या मशीनपर्यंत पोचताच आलं नसतं.

रात्र. उरणजवळ, न्हावा शेवा. जवाहरलाल नेहरू बंदरातलं ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे टर्मिनल मर्स्कच्याच समूहातली एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवते. तिथली यंत्रणा ठप्प. आपल्या जुन्नर-आंबेगावकडचा कांदा परदेशी निघतो तो याच बंदरातून. कुठला कंटेनर यार्डात कुठे आहे, कुठल्या बोटीवर चढायचा आहे, ही सगळी माहिती बंद पडद्यांमागे अडकलेली.

२८ जून, मध्यरात्रीनंतर १:१६. परक्या सर्व्हरची डिस्क शून्यं लिहून पुसली जाते.

२८ जून, दिवसभर. टर्मिनलवर हातानं कामकाज. कंटेनर तुंबू लागलेले, म्हणून त्यांच्यासाठी जागा शोधण्याची धावपळ.

पुढचे दहा दिवस. मर्स्क ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करते. मशीनना एकमेकांची ओळख पटवणाऱ्या सर्व्हरची एकच प्रत वाचलेली सापडते, घानात. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. लोडशेडिंगला शिव्या घालणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पचायला जड आहे! इंटरनेटवरून ती प्रत पाठवायला कित्येक दिवस लागले असते, आणि दुरुस्तीचं काम जिथून चाललं होतं त्या ब्रिटनचा व्हिसा घानातल्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाकडेच नव्हता. तेव्हा एक जण हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला. तिथल्या विमानतळावर त्याने ती दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि हा दुसरा विमानाने लंडनला निघाला.