गुराखी की सरस्वतीपुत्र?

क्रोएशियाच्या संकेतस्थळांच्या शेवटी 'एचआर' ही अक्षरे येतात. तिथला माणूस स्वतःला 'ह्र्वात' म्हणवतो, देशाला 'ह्र्वात्स्का' आणि भाषेला 'ह्र्वात्स्की'. 'क्रोएशिया' ही लॅटिनची देणगी. फ्रेंचांनी 'ह्र्वात' या नावाची 'क्रावात' करून गळ्यात बांधली. बाश्काच्या शिलालेखात, इ.स. ११०० च्या सुमारास, राजा झ्वोनिमिर 'ह्र्वात्स्की' म्हणून येतो. इथवर वाद नाही.

खरी गंमत त्याआधीची. डॉन नदीच्या मुखाशी तानाइस हे ग्रीक व्यापारी नगर होते. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या ग्रीक लेखांत 'खोरोआथोस', 'खोरुआथोस' अशी 'ह्र्वात'शी जुळणारी माणसांची नावे सापडली. त्या मुलखात तेव्हा इराणी कुळातल्या बोली चालत. आणि इराणीत आपल्या 'स'चा 'ह' होतो : सप्ताहाचा हप्ता, सिंधूचा हिंदू. मग इराणी सम्राट दारयवहूच्या बेहिस्तून लेखातला, कंदाहारकडचा 'हरउवती' प्रांत आठवतोच. हरउवती म्हणजे थेट आपली सरस्वती! या एका धाग्यावर हौशी मंडळींनी ह्र्वातांना कंदाहारहून एड्रियाटिकपर्यंत चालवत नेले.

मलाही हे पटावेसे फार वाटते, पण पटत नाही. हरउवती हे नदीचे आणि प्रांताचे नाव, तानाइसची नावे माणसांची. मध्ये सहा-सातशे वर्षे आणि अख्खे मध्य आशिया. नुसत्या नादसाम्यावर एवढा प्रवास होत नाही.

भाषाशास्त्रज्ञ माक्स फास्मरची व्युत्पत्ती दिसायला साधी, पण मला तीच भक्कम वाटते : जुन्या इराणीतले 'फ्शु-हउर्वता', म्हणजे गुरांचा राखणदार. यातला 'फ्शु' हा आपला पशूच. मग ह्र्वातमध्ये तो गेला कुठे? माझ्या मते जिभेला जड म्हणून गळून पडला; पुरावा मागू नका. 'हउर्व'ला मात्र बळकट आधार आहे : अवेस्तात 'पशुश-हउर्व' हा शब्द मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यासाठी येतो. अभिमानी ह्र्वाताला सरस्वती अधिक आवडेल, यात नवल नाही.

व्यक्तीचे नाव जमातीला कसे लागले? दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट कॉन्स्टंटाइन लिहितो की ह्र्वातांना पाच भाऊ आणि दोन बहिणी घेऊन आल्या. त्या भावांतल्या एकाचे नाव 'ख्रोबातोस'. सम्राटाने दंतकथाच टिपली असेल, पण म्होरक्याचे नाव टोळीला चिकटते ही रीत सगळीकडचीच.